व्हीएमला दिलेलं सिरीयल कार्ड अधूनमधून गळपटतं? आधी इंटरप्टची लाइन तपासा

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक भागातल्या बऱ्याच युनिटांत आता एकच सर्व्हर असतो आणि त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारी लिनक्सवरची प्रणाली. एका व्हीएममध्ये टॅली, दुसऱ्यात फायरवॉल, आणि एका जुनाट विंडोज व्हीएमला चार-आठ पोर्टचं सिरीयल कार्ड थेट जोडून दिलेलं. त्या कार्डावर सीएनसी यंत्राला प्रोग्रॅम पाठवणारं डीएनसी सॉफ्टवेअर चालतं, वजनकाट्याचा इंडिकेटर लागतो, फाउंड्री असेल तर स्पेक्ट्रोमीटरही. बसवलं त्या दिवशी सगळं छान. मग एखाद्या दिवशी भर शिफ्टमध्ये पुढचे प्रकार सुरू होतात:

- सीएनसीच्या फानुक कंट्रोलरवर प्रोग्रॅम चढवताना मध्येच ०८७ बफर ओव्हरफ्लोचा (तात्पुरत्या साठ्यात डेटा मावेनासा झाल्याचा) अलार्म.
- काट्याचं वजन तुटक येतं. मधले आकडे गायब, किंवा एका वजनाला पुढचं वजन चिकटलेलं.
- डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र कार्डावर पिवळं चिन्ह नाही, पोर्ट उघडतो, व्हीएमचा पिंगही चालतो.
- व्हीएम बंद करून चालू केलं की ठीक होतं. कधी पाच मिनिटं, कधी आठवडाभर.

शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं. व्हीएम रीस्टार्ट करून बरं वाटतं म्हणजे रोग व्हीएममध्येच, असं धरून लोक विंडोज नव्याने टाकतात, ड्रायव्हर बदलतात, केबल बदलतात. खरं कारण बहुधा होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ सर्व्हरवर असतं. व्हीएम पुन्हा सुरू होताना व्हीएफआयओ (कार्ड व्हीएमच्या ताब्यात देणारा लिनक्सचा भाग) इंटरप्टची लाइन, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला 'माझ्याकडे बघ' सांगायची तार, नव्याने मागतो, आणि लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) बंद केलेल्या सामायिक लाइनला त्या वेळी आणखी एक संधी देतो. म्हणून तात्पुरतं बरं होतं, एवढंच.

पुढे आज्ञा, फाइलींची नावं आणि लॉगच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थात रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

होस्टचा लॉग काय म्हणतो

बिघाड चालू असतानाच होस्टवर 'जर्नलसीटीएल -के -बी' चालवा. होस्ट आधीच रीस्टार्ट करून टाकला असेल तर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' म्हणजे मागच्या बूटचा लॉग. त्यात तीनपैकी एक संदेश सापडण्याची शक्यता मोठी, आणि तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

'आयआरक्यू १७: नोबडी केअर्ड' आणि थोडं खाली 'डिसेबलिंग आयआरक्यू #१७' असं असेल, तर या लेखाचा मोठा भाग तुमच्यासाठीच आहे. 'जेनआयआरक्यू: फ्लॅग्ज मिसमॅच आयआरक्यू १७' असेल आणि व्हीएम सुरूच होत नसेल, तर लाइन दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेता येत नाहीये. 'नो इंटरप्ट रीमॅपिंग सपोर्ट' असेल तर मदरबोर्ड किंवा बायोसचा प्रश्न.

यातलं काहीच नसेल तर इंटरप्टला दोष देण्याआधी केबल बघा. फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसच्या शेजारून नेलेली आरएस-२३२ केबल, तिची शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली किंवा कुठेच नाही, यानेही वजनं तुटतात. दोन्हींतला फरक ओळखायची खात्रीची युक्ती अशी: त्याच व्हीएमला लिनक्सची लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) आयएसओ लावून बूट करा, पोर्टवर डेटा येऊ द्या आणि रूट होऊन '/प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरीयल' ही फाइल वाचा. 'ओई' म्हणजे ओव्हररन. चिपमध्ये अक्षरं आली, पण वेळेत कुणी उचलली नाहीत, म्हणजे इंटरप्ट उशिरा पोचतोय. 'एफई' किंवा 'पीई' वाढत असेल तर फ्रेमिंग किंवा पॅरिटीची चूक: केबल, अर्थिंग किंवा दोन टोकांचा बॉडरेट (डेटाचा वेग) वेगळा. ज्या चुकीची संख्या शून्य असते तिचं नाव त्या फाइलीत छापलंच जात नाही, तेव्हा नुसतं 'टीएक्स' आणि 'आरएक्स' दिसलं तर ती चांगली बातमी समजा.

लाइन नेमकी कशी बंद पडते

पीसीआय कार्ड दोन प्रकारे इंटरप्ट देतं. जुना प्रकार आयएनटीएक्स: ए, बी, सी, डी अशा चार लाइनी, त्याही सगळ्या कार्डांत वाटलेल्या. कार्डाला काही सांगायचं असलं की ते लाइन ओढून धरतं आणि त्याचं काम होईपर्यंत सोडत नाही. नवा प्रकार एमएसआय आणि एमएसआय-एक्स: कार्ड मेमरीतल्या ठरावीक पत्त्यावर एक शब्द लिहितं, आणि तो लिहिणं हाच इंटरप्ट. त्यात वाटून घेण्यासारखं काही नाही. एमएसआयमध्ये एका डिव्हाइसला ३२ पर्यंत, एमएसआय-एक्समध्ये २०४८ पर्यंत वेगवेगळे इंटरप्ट मिळू शकतात.

आयएनटीएक्स व्हीएममध्ये नेताना वाट लांबची होते. कार्डाने लाइन ओढली की होस्टवरचा व्हीएफआयओ आधी विचारतो, हा इंटरप्ट माझ्या कार्डाचा आहे का? त्यासाठी तो कार्डाच्या स्टेटस रजिस्टरमधला इंटरप्ट स्टेटस बिट वाचतो. असेल तर कमांड रजिस्टरमधला दहावा बिट लावून कार्डाचं तोंड तात्पुरतं बंद करतो आणि केव्हीएमला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या कर्नलच्या भागाला, खबर देतो. गेस्टचा, म्हणजे व्हीएममधल्या सिस्टीमचा, ड्रायव्हर कार्डातला डेटा उचलतो, काम संपल्याचं आभासी इंटरप्ट कंट्रोलरला सांगतो, ते केव्हीएमला कळतं, केव्हीएम व्हीएफआयओला कळवतो आणि मग तोंड पुन्हा उघडलं जातं. हे दोन्ही बिट पीसीआय २.३ मध्ये आले. कार्ड त्याआधीच्या घडणीचं असेल, किंवा बिट आहेत पण ते नीट पाळत नसेल, तर इथेच गाडी अडते.

आता त्याच लाइनवर दुसरं एखादं डिव्हाइस आहे आणि त्याने लाइन ओढून धरली आहे असं समजा. व्हीएफआयओ म्हणतो माझा नाही. लाइनवरचे बाकीचे ड्रायव्हरही म्हणतात माझा नाही. लाइन तर सुटलेली नाही, त्यामुळे इंटरप्ट लगेच पुन्हा येतो. पुन्हा, पुन्हा, सेकंदाला हजारोंनी. कर्नल मोजत असतो: १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले की तो लाइनच बंद करतो. सुटेसुटे बेवारस इंटरप्ट यात धरले जात नाहीत. दोन बेवारस इंटरप्टांत सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त अंतर पडलं की मोजणी पुन्हा एकपासून. म्हणूनच आठवडाभर सुरळीत चाललेलं कार्ड काही सेकंदांत आडवं होतं. आधी काही इशारा मिळत नाही.

बंद झालेली लाइन पूर्ण मरत नाही

हे समजलं नाही तर लक्षणांचा अर्थ लागत नाही. लाइन बंद केल्यावर कर्नल तिच्यावरच्या ड्रायव्हरांना दर १०० मिलिसेकंदांनी स्वतःहून विचारत राहतो, काही काम आहे का? म्हणजे इंटरप्ट तात्काळ पोचण्याऐवजी सेकंदाला दहा वेळा पोचतो. आता हिशोब करा.

साध्या १६५५० जातीच्या पोर्टचा फिफो, म्हणजे चिपमध्ये अक्षरं थोडा वेळ ठेवायची जागा, १६ बाइटचा. काट्याचा इंडिकेटर १२०० बॉडवर, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असा असेल तर एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला १२० अक्षरं. १०० मिलिसेकंदांत १२. फिफोत मावतात! काटा बिनबोभाट चालतो. तोच इंडिकेटर ९६०० वर ठेवला की १०० मिलिसेकंदांत ९६ अक्षरं येतात आणि १६ च्या पुढची सांडतात. 'एक काटा चालतो, दुसरा चालत नाही, म्हणजे दुसऱ्याचा इंडिकेटर खराब' हा निष्कर्ष काढण्याआधी दोघांचा बॉडरेट बघा.

सीएनसीचं गणित आणखी कडक आहे. फानुकचा कंट्रोलर बफर भरत आला की डीसी३ हे 'थांब' सांगणारं अक्षर पाठवतो. त्यानंतर दहा अक्षरांच्या आत पाठवणारा थांबला नाही तर अलार्म ०८७. आयएसओ कोडमध्ये १ स्टार्ट, ७ डेटा, १ पॅरिटी, २ स्टॉप धरले तर अक्षराला ११ बिट. दहा अक्षरांना ४८०० बॉडवर सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, ९६०० वर साडेअकरा, १९२०० वर जेमतेम पावणेसहा. डीसी३ आल्याची खबर गेस्टला १०० मिलिसेकंदांनी मिळत असेल तर यांतला कुठलाच बॉडरेट तगत नाही.

जाता जाता: लाइन ठणठणीत असतानाही ०८७ येऊ शकतो, कारण पाठवायच्या फिफोत १६ अक्षरं आधीच भरून ठेवलेली असतात आणि मर्यादा दहाची आहे. विंडोजमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, तिथली ट्रान्समिटची पट्टी अगदी खाली १ वर आणा. हे काम व्हीएम असो वा खरा पीसी, दोन्हीकडे करायचंच. अलार्म रोज रात्री ठरावीक वेळीच येत असेल तर व्हीएमच्या बॅकअपची वेळ तपासा; बॅकअप चालू होताना गेस्ट क्षणभर थबकतो आणि दहा-वीस मिलिसेकंद सहज जातात. रात्रपाळी चालणाऱ्या ठिकाणी त्या व्हीएमचा बॅकअप सुट्टीच्या दिवशी ठेवलेला बरा.

कोण कोणाबरोबर बसलंय

व्हीएम चालू ठेवून होस्टवर 'कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स' चालवा आणि 'व्हीएफआयओ' असलेल्या ओळी शोधा. 'व्हीएफआयओ-एमएसआय' किंवा 'व्हीएफआयओ-एमएसआयएक्स' दिसलं तर कार्ड लाइनवर नाही, या भागातलं पुढचं सोडून द्या. 'व्हीएफआयओ-आयएनटीएक्स(००००:०५:००.०)' असं असेल तर त्याच ओळीत स्वल्पविराम देऊन आणखी कुणाचं नाव आहे का पाहा. 'ईएचसीआय', 'एएचसीआय', 'एसएनडी' अशी नावं बरेचदा सापडतात.

पण गुन्हेगार बहुधा त्या ओळीत नसतोच. ज्याचा ड्रायव्हर होस्टवर हजर आहे त्याचा इंटरप्ट बेवारस कसा ठरेल? 'नोबडी केअर्ड'च्या खाली लॉगमध्ये 'हँडलर्स:' अशी यादी छापलेली असते. जे डिव्हाइस त्या लाइनवर आहे पण त्या यादीत नाही, संशय त्याच्यावर. शोधायचं असं: 'एलएसपीसीआय -व्हीव्ही'चा सगळा आउटपुट फाइलीत घ्या आणि 'राउटेड टू आयआरक्यू १७' असलेली सगळी डिव्हाइसं निवडा. त्यातल्या ज्याच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नाही, ते बेवारस; ड्रायव्हर नसताना दिसणारा आयआरक्यूचा आकडा खरा असेलच असं नाही, म्हणून बाकीची ड्रायव्हर नसलेली डिव्हाइसंही बघा. बिघाड चालू असेल तर आणखी सोपं: 'स्टेटस' ओळीत शेवटी 'आयएनटीएक्स+' दिसेल ते डिव्हाइस याक्षणी लाइन धरून बसलंय. 'आयएनटीएक्स-' म्हणजे ते निर्दोष.

असं बेवारस डिव्हाइस येतं कुठून? ग्राफिक्स कार्ड व्हीएमला द्यायची नेटवरची कृती बघून कुणीतरी ऑडिओचा किंवा यूएसबीचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केलेला (होस्टवर चढू नये म्हणून रोखलेला) असतो. डिव्हाइस बोर्डावर जिवंत, त्याला होस्टवर वाली कुणी नाही. उपाय तीन, याच क्रमाने: ते लागत नसेल तर बायोसमध्ये बंद करा, लागत असेल तर ब्लॅकलिस्ट काढून ड्रायव्हर परत येऊ द्या, दोन्ही जमत नसेल तर 'सेटपीसीआय -एस ००:१बी.० कमांड=४००:४००' देऊन त्याचा आयएनटीएक्स बंद करा. यातले आकडे हेक्साडेसिमल आहेत आणि पत्ता तुमच्या डिव्हाइसचा घालायचा. हा शेवटचा उपाय रीबूटनंतर टिकत नाही, तो सिस्टमडीच्या (बूट होताना आपोआप चालणाऱ्या) सर्व्हिसमध्ये घालावा लागतो.

लॉगमध्ये कर्नल स्वतःच 'आयआरक्यूपोल' लावून बघा असं सुचवतो. इथे त्याच्या नादी लागू नका. त्याने प्रत्येक बेवारस इंटरप्टला आणि टायमरच्या प्रत्येक इंटरप्टला सगळ्यांची दारं ठोठावली जातात, आणि लाइन धरणारं डिव्हाइस आहे तिथेच राहतं.

कार्ड लाइनवरून उतरवणं

सगळ्यात पक्का इलाज एमएसआय. 'एलएसपीसीआय -एस ०५:००.० -व्हीव्हीव्ही' मध्ये 'एमएसआय: एनेबल-' दिसलं तर कार्डाला ते येतं, पण चालू केलेलं नाही. इथे अनेकांची गफलत होते: एमएसआय चालू करायचं की नाही हे होस्ट ठरवत नाही, गेस्टमधला ड्रायव्हर ठरवतो. त्यामुळे ही ओळ व्हीएम बंद असताना वाचण्यात अर्थ नाही. गेस्ट पूर्ण बूट होऊन ड्रायव्हर चढल्यावरच बघायची, आणि तेव्हा 'एनेबल+' हवं. एमएसआयचं नावच यादीत नसेल तर त्या कार्डाला ते येत नाही, विषय संपला.

गेस्ट लिनक्स असेल तर मॉसचिप ९९००, ९९१२, ९९२२ आणि एएक्स९९१०० या चिपांसाठी कर्नलचा सिरीयल ड्रायव्हर आपणहून एमएसआय मागतो. विंडोजमध्ये रजिस्ट्रीत हात घालावा लागतो. आधी व्हीएमचा स्नॅपशॉट, किंवा व्हीएम बंद करून पूर्ण बॅकअप. मग 'एचकेएलएम\सिस्टीम\करंटकंट्रोलसेट\एनम\पीसीआय' खाली आपल्या कार्डाचा व्हेंडर-डिव्हाइस क्रमांक शोधा, त्याच्या आत 'डिव्हाइस पॅरामीटर्स\इंटरप्ट मॅनेजमेंट', त्यात 'मेसेजसिग्नल्डइंटरप्टप्रॉपर्टीज' नावाची की बनवा आणि 'एमएसआयसपोर्टेड' हा डीवर्ड १ करा. व्हीएम रीस्टार्ट करून डिव्हाइस मॅनेजरच्या रिसोर्सेस टॅबमध्ये आयआरक्यूचा आकडा ऋण दिसला की एमएसआय चालू.

दोन अडचणी. एक, सिरीयल कार्डांचे बरेच विंडोज ड्रायव्हर एमएसआयसाठी लिहिलेलेच नसतात. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० (डिव्हाइस सुरू होत नाही) येतो, किंवा पोर्ट उघडतो पण एक अक्षर येत नाही. डीवर्ड परत ० करा आणि पुढचा मार्ग धरा. दोन, ड्रायव्हर नव्याने टाकला की ही सेटिंग पुसली जाऊ शकते, आणि व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये कार्डाची जागा बदलली की विंडोज त्याला नवं कार्ड समजून नवी की बनवतं. 'मागे दुरुस्त केलं होतं, पुन्हा तेच' या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

विंडोज एक्सपीला एमएसआय येतच नाही. ते व्हिस्टापासून पुढे. डीएनसीचं जुनं सॉफ्टवेअर एक्सपीवरच अडकलेलं असेल तर रजिस्ट्रीत वेळ घालवू नका.

होस्टच्या कर्नलला दिलेले पर्यायही एकदा बघा: 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन'. त्यात 'पीसीआय=नोएमएसआय' असेल तर सर्व्हरमधलं यच्चयावत सगळं लाइनवर येऊन बसलेलं असतं. कधीकाळी इन्स्टॉलेशन अडलं म्हणून कुणीतरी घातलेलं आणि तसंच राहिलेलं. काढा.

एमएसआय नाही, तर कार्डाला स्वतःची लाइन

कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. ए ते डी या पिना प्रत्येक स्लॉटला सरकवून जोडलेल्या असतात, म्हणून एका स्लॉटमध्ये १६ वर येणारं कार्ड दुसऱ्यात १८ वर येऊ शकतं. शेजारी कोण ते पुन्हा '/प्रॉक/इंटरप्ट्स' मध्ये बघा. बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ, पॅरलल पोर्ट, न वापरलेला साटा कंट्रोलर बंद करा. लाइनी मोकळ्या होतात.

स्लॉट बदलला की कार्डाचा पत्ताही बदलतो. ०५:००.० चं ०६:००.० होतं, आणि व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये जुनाच पत्ता राहिला तर त्या पत्त्यावर आता जे काही आहे ते व्हीएमला जातं. ते होस्टचं नेटवर्क कार्ड असलं तर व्हीएम सुरू करताक्षणी अख्खा सर्व्हर नेटवर्कवरून गायब. नवीन एनव्हीएमई डिस्क लावल्यावरही हेच होऊ शकतं. प्रॉक्समॉक्स ८.० पासून रिसोर्स मॅपिंगची सोय आहे. त्यात पत्त्याबरोबर डिव्हाइसचा क्रमांकही नोंदलेला असतो आणि न जुळल्यास व्हीएम सुरू होत नाही. ती वापरा.

कार्ड पीसीआय २.३ चे ते दोन बिट पाळत नाही असा संशय असेल, म्हणजे लाइनवर दुसरं कुणीच नाही तरी 'नोबडी केअर्ड' येतंय, तर '/ईटीसी/मॉडप्रोब.डी/व्हीएफआयओ.कॉन्फ' मध्ये 'ऑप्शन्स व्हीएफआयओ-पीसीआय नोआयएनटीएक्समास्क=१' ही ओळ घाला, 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' चालवा आणि होस्ट रीबूट करा. मग व्हीएफआयओ कार्डाला न विचारता इंटरप्ट कंट्रोलरवरच लाइन बंद-चालू करतो. अट अशी की लाइन पूर्णपणे त्या एकट्या कार्डाची हवी. कुणी सोबत असेल तर 'फ्लॅग्ज मिसमॅच' आणि 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणून व्हीएम सुरूच होणार नाही. हा पर्याय व्हीएफआयओला दिलेल्या सगळ्याच कार्डांना लागू होतो, हे लक्षात ठेवा: दुसऱ्या व्हीएमला ग्राफिक्स कार्ड दिलेलं असेल आणि ते पुढे एमएसआयवर जाणारं असलं, तरी सुरू होताना ते आधी लाइन मागतं आणि तिथेच अडकू शकतं.

पांढरा जुना पीसीआय स्लॉट

बोर्डावर जुना लांब पीसीआय स्लॉट दिसला म्हणून जुनं कार्ड त्यात लावायचा मोह होतो. पण बऱ्याच बोर्डांत तो स्लॉट चिपसेटमधून येत नाही, पीसीआय एक्सप्रेस ते पीसीआय अशा वेगळ्या ब्रिज चिपमधून येतो. एएसएम१०८३ ही त्यातली एक. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत लाइन सोडल्याचा निरोप कधीकधी पुढे पोचतच नाही: कार्डाने लाइन सोडलेली, होस्टला मात्र ती ओढलेलीच दिसते, आणि पुन्हा तेच 'नोबडी केअर्ड'. यावर सेटिंग नाही. शिवाय ब्रिजमागची सगळी जुनी कार्डं एकाच आयओएमएमयू गटात (एकत्रच देता येणाऱ्या डिव्हाइसांच्या गटात) जातात, वेगवेगळ्या व्हीएमना वाटता येत नाहीत. 'एलएसपीसीआय -टी' मध्ये तुमचं कार्ड अशा ब्रिजखाली दिसलं तर वेळ न घालवता पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड घ्या.

'नो इंटरप्ट रीमॅपिंग सपोर्ट'

इंटरप्ट रीमॅपिंग म्हणजे कार्डाचे इंटरप्ट तपासून योग्य ठिकाणीच पोचवणारी हार्डवेअरची सोय. कालपर्यंत चालणारं व्हीएम वीज जाऊन आल्यावर या संदेशाने अडलं, तर पहिला संशय बोर्डावरच्या सीआर२०३२ बॅटरीवर. ती संपली की बायोस मूळ सेटिंगवर जातं आणि व्हीटी-डी (कार्ड व्हीएमला देण्यासाठी लागणारी इंटेलची सोय) बंद होतं. पावसाळ्यात वीज जास्त जाते, आणि यूपीएसचीही बॅटरी गेलेली असते, तेव्हा हे हमखास. बॅटरी बदला, व्हीटी-डी किंवा एएमडीच्या बोर्डावर आयओएमएमयू चालू करा, मग कर्नलच्या लॉगमध्ये 'डीएमएआर-आयआर: एनेबल्ड आयआरक्यू रीमॅपिंग' किंवा 'एएमडी-व्हीआय: इंटरप्ट रीमॅपिंग एनेबल्ड' आलं का बघा.

सेकंडहँड सर्व्हर असेल तर गोष्ट वेगळी. इंटेलच्या ५५००, ५५२० आणि एक्स५८ चिपसेटच्या काही आवृत्त्यांत रीमॅपिंगमध्येच दोष आहे, म्हणून कर्नल ते मुद्दाम बंद ठेवतो. तिथे 'ऑप्शन्स व्हीएफआयओ_आयओएमएमयू_टाइप१ अलाऊ_अनसेफ_इंटरप्ट्स=१' दिल्याशिवाय कार्ड जाणार नाही. अनसेफ कशासाठी? कार्ड ज्याच्या ताब्यात आहे तो गेस्ट त्याच्याकरवी एमएसआयच्या पत्त्यावर हवं ते लिहून होस्टला खोटे इंटरप्ट देऊ शकतो. स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या भरवशाच्या व्हीएमसाठी हा धोका पत्करता येतो. दुसऱ्याची व्हीएम भाड्याने चालवत असाल तर अजिबात नाही.

कार्ड द्यायलाच हवं का?

निव्वळ वजनकाट्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे: नको. कार्ड होस्टकडेच ठेवा, होस्टच्या ड्रायव्हरने चालवा आणि नुसता पोर्ट व्हीएमला द्या: 'क्यूएम सेट १०१ -सिरीयल० /डेव्ह/टीटीवायएस४'. गेस्टला तो कॉम१ म्हणून दिसतो, एक्सपीलाही वेगळा ड्रायव्हर लागत नाही. असे चार पोर्ट एका व्हीएमला देता येतात, सिरीयल० ते सिरीयल३. काट्याकडून डेटा एकाच दिशेने येतो, त्याला हे भरपूर झालं.

डीएनसीला मात्र हा मार्ग वापरू नका. गेस्ट जे पाठवतो ते आधी होस्टच्या बफरमध्ये साठतं. डीसी३ गेस्टपर्यंत पोचून गेस्ट थांबला तरी बफरमधली अक्षरं जातच राहतात, दहाची मर्यादा कुठल्या कुठे ओलांडते आणि ०८७ पक्का. डीएनसीसाठी एमएसआयवरचं किंवा स्वतंत्र लाइनवरचं कार्ड, नाहीतर एक्सऑन-एक्सऑफ (डीसी१ आणि डीसी३ ने 'चालू' आणि 'थांब') स्वतः सांभाळणारा सिरीयल-टू-इथरनेट कन्व्हर्टर मशीनजवळ बसवा. दुसऱ्यात केबलही दोन-तीन मीटरची राहते.

कॅडसाठी ग्राफिक्स कार्ड दिलंय आणि एचडीएमआयचा आवाज तडतडतो, तर वरचीच एमएसआयची रजिस्ट्री त्या ऑडिओ डिव्हाइसला लावा. फायरवॉलच्या नेटवर्क कार्डांत हा त्रास सहसा नसतो, ती एमएसआय-एक्सवरच चालतात.

दुरुस्तीनंतरची चाचणी

नऊ पिनी कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना जोडून लूपबॅक बनवा. गेस्टमधून ९६०० बॉडवर १ एमबीची फाइल पाठवा आणि तोच डेटा परत घ्या; साधारण १८ मिनिटं लागतात. दोन्ही फाइलींचा चेकसम जुळला पाहिजे. हे चालू असताना होस्टवर 'वॉच -एन १ "ग्रेप व्हीएफआयओ /प्रॉक/इंटरप्ट्स"' लावून ठेवा. आकडा सेकंदाला हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी वाढत असेल तर ठीक. कित्येक हजारांनी पळत असेल तर लाइन अजून कुणीतरी धरून बसलंय. त्याच वेळी पूर्वीच्या शेजाऱ्यालाही कामाला लावा: शेजारी यूएसबी कंट्रोलर होता तर पेनड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करा. शांत सर्व्हरवर घेतलेली चाचणी काही सिद्ध करत नाही.

साखर कारखान्याचा काटा असेल तर ही चाचणी गळीत सुरू होण्याआधी उरकायची. उसाच्या गाड्यांची रांग लागल्यावर व्हीएम बंद करू द्यायला कुणी तयार होत नाही. आणि सर्व्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये, पत्ता काय, लाइन कितवी, बायोसमध्ये काय काय बंद केलंय. पुढच्या वेळी धूळ साफ करायला येणारा माणूस कार्ड काढून जो स्लॉट सोयीचा दिसेल त्यात लावतो.